पाच बोटे आणि एक मूठ

"हाताची पाची बोटं कधी सारखी असतात का?" हे वाक्य आम्ही पहिल्यांदा कधी ऐकले, ते नीट आठवते. सातवीचा वर्ग. दाराजवळच्या रांगेत बसणाऱ्या आमच्यापैकी एका पोराने धीर करून विचारले होते, "गुरुजी, माठातलं पाणी आमच्या ओंजळीत वरूनच का ओततात? आम्हाला पेला का देत नाहीत?" गुरुजी रागावले नाहीत. तसे ते प्रेमळच होते. त्यांनी हात वर केला, पंजा पसरला आणि हसत हसत हे वाक्य उच्चारले. वर्ग हसला. प्रश्न विचारणारा पोरगाही हसला. आणि पाणी पुढेही वरूनच मिळत राहिले.

त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर सुचायला बरीच वर्षे जावी लागली. गुरुजी, बोटे सारखी नाहीत हे खरेच. पण करंगळी लहान म्हणून तिला रक्त कमी मिळते का? हात धुताना चार बोटे तांब्यात आणि पाचवे वरून, असे कुणी करते का? करंगळीला काटा टोचला तर उरलेली चार बोटे "तिचे नशीब" म्हणून गप्प बसतात का? उलट सगळा हात धावतो. म्हणजे गुरुजींनी दिलेला दाखला खरा होता, त्यातून काढलेला अर्थ मात्र साफ खोटा होता!

आज आम्हाला याच गोष्टीवर बोलायचे आहे. माणूस जगाचा विचार करतो तो तुलनेने. आयुष्य म्हणजे वाट, संसार म्हणजे गाडा, मन म्हणजे पाखरू, राग म्हणजे विस्तव. माहीत नसलेली गोष्ट माहीत असलेल्या गोष्टीला लावून पाहिल्याशिवाय ती समजत नाही. आमची निरक्षर आजीसुद्धा बोलताना दर चौथ्या वाक्याला एक दाखला द्यायची. तेव्हा उपमा म्हणजे पंडितांनी भाषेच्या अंगावर चढवलेला दागिना, असे समजू नका. उपमा हे अवजार आहे. विळ्याने धान्य कापता येते आणि गळाही कापता येतो. म्हणून हे अवजार कुणाच्या हातात आहे, हे आधी पाहावे लागते.

या देशातल्या सगळ्यात महागात पडलेल्या उपमेचे उदाहरण घ्या. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे. समाज म्हणजे एक देह. त्या देहाचे तोंड ब्राह्मण, बाहू क्षत्रिय, मांड्या वैश्य आणि पायांपासून शूद्र. वरवर पाहिले तर ही एक तुलना आहे. पण तुलना तुलना राहिली नाही. तिचा धर्म झाला, धर्माचा कायदा झाला, आणि कायद्याने कुणी वेद ऐकायचा, कुणी शस्त्र धरायचे, कुणी मेलेले ढोर ओढायचे हे ठरवून टाकले. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ लिहिला, तेव्हा शूद्रांच्या कोड्याची सुरुवात त्यांनी याच सूक्तापासून केली, ती उगाच नव्हे. रोग कुठून सुरू झाला हे वैद्याला ठाऊक असावे लागते.

महात्मा फुल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून त्यांनी या उपमेला शब्दशः धरले. तोंडातून माणूस जन्मला म्हणता, तर मग ब्रह्मदेवाचे बाळंतपण कुठे कुठे झाले, असा सरळ घरगुती हिशेब त्यांनी मांडला. उपमेचा देव्हारा झाला की तिला बाजेवर आणून ठेवायचे, ही जोतीरावांची रीत! आणि गंमत पाहा, तथागतांनी श्रावस्तीला आश्वलायन नावाच्या तरुण ब्राह्मणाला विचारलेला प्रश्न याच घरातला होता. ब्राह्मणांच्या बायका ऋतुमती होताना, गरोदर राहताना, बाळंत होताना, मुलांना पाजताना दिसतात. मग तुम्ही ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलो असे कसे म्हणता? दोघांच्या मध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे. प्रश्न तोच, कारण थाप तीच!

पण तथागत नुसते खोडून थांबले नाहीत. त्यांनी दुसऱ्या उपमा दिल्या. त्याच आश्वलायनाला ते म्हणाले, एकाने साल किंवा चंदनाच्या लाकडाने अग्नी पेटवला आणि दुसऱ्याने, चांडाळ म्हणून हिणवलेल्याने, कुत्र्याच्या डोणीच्या नाहीतर एरंडाच्या लाकडाने पेटवला, तर दुसऱ्याच्या अग्नीला ज्वाळा नसते का? तिचा उजेड पडत नाही का? तिच्यावर अन्न शिजत नाही का? आश्वलायन सोळा वर्षांचा होता, वेदांत पारंगत होता, पण त्याला मान खाली घालावी लागली. चूल पेटवणाऱ्या कुठल्याही बाईला हा दाखला पटतो. त्याला पोथीचा आधार लागत नाही.

वासेट्ठ सुत्तातली तुलना तर आम्हाला शास्त्रज्ञाच्या जातीची वाटते. गवत, झाडे, किडे, चतुष्पाद प्राणी, साप, मासे, पक्षी असे एकेक घेत तथागत म्हणतात की यांच्यात जन्मानेच वेगळेपणाच्या खुणा आहेत. मग माणसाकडे वळतात. केस, डोके, कान, डोळे, तोंड, हात, पाय... माणसामाणसांत अशी जन्मजात वेगळी खूण कुठेच सापडत नाही. भेद आहे तो नावाचा आणि धंद्याचा. गाई राखून जगतो तो शेतकरी, कारागिरीवर जगतो तो कारागीर. इथे तुलना एका जागी येऊन थांबते, आणि थांबते म्हणूनच ती खरी ठरते. आंबा आणि बाभूळ वेगळे, पण माणूस आणि माणूस वेगळा नाही!

खरी उपमा आणि खोटी उपमा ओळखायची कशी? आम्हाला एक साधी कसोटी सापडली आहे. उपमा दिली की विचारावे, यातून सोय कुणाची होते? पाच बोटांचा दाखला नेहमी अंगठीवाल्या बोटाकडून का येतो? शेताच्या बांधावर ऊन खात उभा असलेला माणूसच "पेरावे तसे उगवते" असे मजुराला का सांगतो? पेरले मजुराने, उगवले मालकाच्या खळ्यावर. मग म्हण खोटी का मजूर खोटा? गुणवत्तेची शर्यत असते म्हणतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ४ जून १९६५ रोजी हॉवर्ड विद्यापीठात याच शर्यतीची तुलना उलटी करून दाखवली. वर्षानुवर्षे बेड्यांत असलेल्या माणसाच्या बेड्या काढायच्या, त्याला आरंभरेषेवर आणायचे आणि "आता तू सगळ्यांशी स्पर्धा कर" म्हणायचे, याला न्याय म्हणता येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. शर्यत तीच, पण बेड्या दिसल्या की तिचा अर्थ बदलतो. आपल्याकडे शर्यतीचे गोडवे गाणारे नेमके बेड्यांवर पांघरूण घालतात.

सगळ्याच उपमा काही लढाईच्या नसतात. माणसाच्या मनाचा तळ दाखवणाऱ्याही असतात. चंपानगरीचा सोण भिक्षू. चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले तरी मन स्थिर होईना. निराश होऊन तो घरी परतायचा विचार करू लागला. घरी असताना तो वीणा वाजवायचा. तथागतांनी त्याला त्याच्याच वाद्याची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर लागतो का? नाही. फार सैल सोडली तर? तरीही नाही. तार बेताची असली तरच सूर लागतो, प्रयत्नाचेही तसेच. आम्हाला हा दाखला चळवळीतल्या त्या कार्यकर्त्यांसाठी वाटतो, जे पाच वर्षे घरदार सोडून धावतात आणि सहाव्या वर्षी कायमचे घरी बसतात. ताणून तुटलेल्या तारा आपल्याकडे थोड्या नाहीत. सैल तारांचे तर विचारूच नका!

आणि ती शिव्यांची गोष्ट. राजगृहाला वेळुवनात एक भारद्वाज ब्राह्मण तथागतांना वाटेल ते बोलला. तथागतांनी शांतपणे विचारले, "तुमच्या घरी पाहुणे येतात का? त्यांच्यापुढे अन्न ठेवता का? त्यांनी ते घेतले नाही तर ते कुणाचे?" तो म्हणाला, "आमचेच." तथागत म्हणाले, तुमच्या शिव्याही मी घेत नाही, त्या तुमच्याच घरी राहिल्या. अपमान गिळत जगलेल्या माणसाला या गोष्टीत केवढे बळ आहे! वाड्यावरून आलेली शिवी आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतली, घरी आणली, आणि कधी कधी तीच घरातल्या बाईमुलांना वाढली. शिवी न घेणे म्हणजे आपल्या लायकीचा दाखला दुसऱ्याच्या तोंडून न मागणे. पण यातही गफलत नको. मनाने न घेणे वेगळे आणि गप्प बसणे वेगळे. पाहुण्याने ताट नाकारले, पण ताटात विष होते हे पोलीस ठाण्यात सांगायला त्याला कुणी मना केलेले नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे. मन स्वच्छ ठेवायचे आणि फिर्यादही नोंदवायची, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

आता बाबासाहेबांकडे या. ते अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित म्हणून जगाला माहीत आहेत, पण त्यांच्या उपमांचा अभ्यास आपण पुरेसा केलेला नाही. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्यात हिंदू समाज म्हणजे एक मनोरा, एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि या मनोऱ्याला शिडीच नाही, असे चित्र त्यांनी रेखाटले. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. खालच्या मजल्यावरचा कितीही लायक असो, त्याला वर जाता येत नाही. वरच्या मजल्यावरचा कितीही नालायक असो, त्याला खाली ढकलता येत नाही. पुढे ज्याला ते क्रमिक विषमता म्हणणार होते, तिचा सगळा आराखडा या एका मनोऱ्यात आहे. त्याच अंकात आगबोटीचाही दाखला आहे. बोटीतल्या एका उतारूने दुसऱ्याचे नुकसान करायचे म्हणून बोटीला भोक पाडले, तर बोटीबरोबर आज ना उद्या त्यालाही जलसमाधी मिळणारच. मनोऱ्यात वेगळे राहता येते, बोटीत नाही! एकाच लेखात या दोन तुलना शेजारी आहेत, हे ध्यानात घ्या. पहिली सांगते समाज कसा आहे, आणि दुसरी सांगते तो तसाच राहिला तर काय होईल.

१९३६ च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये तर त्यांनी एक उपमा नाकारून मोठे सत्य सांगितले. जात ही विटांची भिंत नाही, काटेरी तारेचे कुंपण नाही. ती मनाची अवस्था आहे, एक धारणा आहे. भिंत असती तर पहारीने पाडली असती. ज्याला पाडायला पहार उपयोगी नाही, तिथे माणसाचे मनच बदलावे लागते, आणि ज्या शास्त्रांनी ते मन घडवले त्यांचे पावित्र्य मोडावे लागते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना ते शेतकऱ्याच्या भाषेत बोलले. भारतातली लोकशाही म्हणजे मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या जमिनीवर वरवर पसरलेले खत आहे, असे त्यांनी बजावले. शेती करणाऱ्याला वरखत म्हणजे काय ते सांगायला नको. जमीन खारपड असेल तर वरखताच्या किती गोणी ओतणार? मशागत खोलवर करावी लागते. संविधानिक नीती ही उपजत नसते, ती लावून जोपासावी लागते, असे ते त्याच भाषणात म्हणाले होते. आज निवडणुका वेळेवर होतात, पण गावात वरात घोड्यावरून नेली म्हणून अजूनही दगड पडतात, तेव्हा जमीन अजून तीच आहे हे कळते.

आणि १५ ऑक्टोबर १९५६. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात बोलताना त्यांनी तथागतांचा सागराचा दृष्टान्त समाजापुढे ठेवला. नद्या आपापल्या मुलखातून वेगवेगळ्या वाहतात, पण सागराला मिळाल्या की त्यांची नावे उरत नाहीत. सगळे पाणी एक होते. संघात आलेल्या चारी वर्णांचे तसेच. मनोरा, बोट, जमीन आणि शेवटी सागर. छत्तीस वर्षांच्या प्रवासात बाबासाहेबांच्या उपमा कुठून कुठे गेल्या ते पाहा. शिडी नसलेल्या मनोऱ्यापासून ते नावे विसरून एक होणाऱ्या पाण्यापर्यंत!

आमच्या लेखकांनीही जुन्या उपमा फेकून दिल्या. कमळ, चकोर, चंद्रमुखी यांच्याशी त्यांचे जगणे जुळत नव्हते. दया पवारांनी १९७४ साली आपल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिले. चुकार ढोरांना डांबायची जागा हीच एका समाजाच्या जगण्याची उपमा झाली. उर्मिला पवारांनी २००३ साली आत्मकथनाचे नाव ठेवले 'आयदान'. त्यांची आई बांबूची आयदाने विणायची. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, हे त्यांनी ओळखले. ज्या हातांना 'हलके काम' म्हणून हिणवले, त्याच हातांतून उपमा आली आणि साहित्याला घ्यावी लागली.

इथवर आम्ही दुसऱ्यांच्या उपमांची झडती घेतली. आता आपली घ्यायची पाळी.

काही महिन्यांपूर्वी एका शहरातल्या आपल्याच वस्तीत आम्ही एका बैठकीला बसलो होतो. बैठक सोयरिकीची. मुलीचे वडील मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. मुलगा शिकलेला, सालस, दोघांची पसंती झालेली. पण मुलाचे कुटुंब पूर्वाश्रमीच्या दुसऱ्या जातीतले आणि बाप बिगारी. आम्ही मध्यस्थ म्हणून समजावत होतो. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला, हात वर केला, पंजा पसरला आणि म्हणाले, "तुमचं सगळं खरं आहे हो. पण हाताची पाची बोटं कधी सारखी असतात का?"

आम्ही सुन्न झालो. तोच पंजा, तेच वाक्य! फक्त भिंतीवरची तसबीर बदलली होती. ज्याच्या ओंजळीत वरून पाणी पडले, त्याच्याच घरात आता दुसऱ्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जात होते. मनोऱ्याचा एक मजला चढलो की शिडी आत ओढून घ्यायची, हा मनुष्यस्वभाव आहे म्हणावे तर तो मनुष्यस्वभाव बदलण्यासाठीच तर आपण नागपूरला गेलो होतो! ती सोयरीक पुढे जुळली नाही. आणि त्या दिवशी आम्ही काय केले? आम्ही चहा संपवला आणि उठून आलो. सातवीतल्या उत्तराची आम्हाला पन्नाशीत वाट पाहावी लागू नये, पण तसेच झाले. म्हणून आज लिहीत आहोत.

तथागतांचा तराफ्याचा दृष्टान्त आठवा. नदी पार करायला माणसाने तराफा बांधला, पलीकडे पोहोचला आणि उपकार मानून तो तराफा डोक्यावर घेऊन चालू लागला, तर त्याला शहाणा म्हणायचे का? आम्ही त्याहून वाईट करतो. तराफा डोक्यावर घेतो, त्याला हार घालतो, त्याची मिरवणूक काढतो, आणि काठावर अजून उभे असलेल्या माणसांसाठी तो परत पाण्यात सोडत नाही. भटके विमुक्त, सफाई कामगार, ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे अजून पलीकडच्या काठावर आहेत. त्यांना तराफा हवा आहे.

बाबासाहेबांचा म्हणून जो अखेरचा संदेश नानकचंद रत्तू यांनी नोंदवला आहे, त्यात काफिल्याची उपमा आहे. हा काफिला मोठ्या कष्टाने इथवर आणला, पुढे नेता आला नाही तर निदान मागे जाऊ देऊ नका, हा त्याचा आशय. आपल्या फलकांवर मात्र बरेचदा काफिल्याचा 'रथ' झालेला दिसतो. शब्दाचा फरक लहान, पण परिणाम मोठा. रथात बसायला जागा एकाची, बाकीच्यांनी ओढायचा. म्हणून मग बसण्यासाठी भांडणे, एका रथाचे चार, चाराचे चौदा. काफिल्यात बसायची जागाच नसते. तिथे सगळ्यांनी चालायचे असते, आणि काफिल्याचा वेग ठरतो तो सगळ्यात मागच्या माणसाच्या पायांवरून. पुढच्यांनी धाव ठोकली तर तो काफिला उरत नाही, पळापळ होते.

तर मग त्या बोटांचे काय करायचे? बोटे सारखी नाहीत, हे मान्य करून टाकू या. कुणी अधिकारी, कुणी बिगारी, कुणी लेखक, कुणी गायक. सगळे सारखे असणे ही समता नव्हे; सगळ्यांची किंमत सारखी असणे ही समता. आणि या दाखल्याचे खरे उत्तर दाखवायचे असेल तर पसरलेला पंजा मिटून पाहा. मूठ वळली की चारही बोटांची टोके तळहातावर एका रांगेत येऊन टेकतात. लांब कोणते, आखूड कोणते ते मग मोजता येत नाही. आणि उरलेला अंगठा, जो सगळ्यांपासून लांब, सगळ्यांत खाली, जो एकलव्याकडून कापून मागितला गेला, तो सगळ्यांवरून येऊन मूठ आवळतो. तो नसेल तर मुठीत बळच राहत नाही.

यापुढे कुणी पंजा पसरून तो जुना प्रश्न विचारला, मग तो वाड्यातला असो की आपल्याच बैठकीतला, तर रागावू नका, हसूही नका. शांतपणे त्याच्यासमोर मूठ मिटून दाखवा, आणि मग विचारा, "आता सांगा, करंगळी कुठे संपते?"